पॉवर एलईडीला बॅटरी आणि ड्रायव्हर कसा जुळवायचा: माळ्यावरच्या दिव्यापासून सुरुवात

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात भात पोसवलं की राखण सुरू होते. रानडुकरं आणि गवे रात्री उतरतात आणि सकाळी बघावं तर निम्मा तुकडा आडवा झालेला असतो. मामांच्या शेतात बांधाला लागून माळा आहे, म्हणजे राखणीला बसायचं मचाण. त्या माळ्यावर लावायला म्हणून मी पहिला मोठा एलईडी दिवा केला. दहा वॅटची पिवळी चौकोनी चिप, मोटरसायकलची जुनी बारा व्होल्टची बॅटरी आणि मध्ये एक स्विच, एवढंच सामान. घरी मिनिटभर लावून बघितला तर भिंत लख्ख उजळली. मामांनी संध्याकाळी बॅटरी नीट चार्ज करून घेतली आणि दिवा शेतात नेला. रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला, "अरे, उजेड आधी निळा पडला आणि मग गेलाच की दिवा."

चिप जळाली होती. घरी चाललेला दिवा शेतात का गेला, हे कळायला मला पुढं बरेच महिने लागले. त्या महिन्यांत जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितोय. तुम्ही विजेरी, सायकलचा दिवा, डोक्यावरचा दिवा किंवा शेतावरचा दिवा करणार असाल तर खरेदीच्या आधी एकदा वाचा.

एक शब्द आधी नक्की करू. आपल्याकडं हातातल्या विजेरीलाच बॅटरी म्हणतात, "बॅटरी मार इकडं" असं. या लेखात बॅटरी म्हणजे फक्त वीज साठवणारा सेल किंवा सेलांचा संच. उजेड पाडणाऱ्या वस्तूला मी दिवा किंवा विजेरी म्हणेन.

१. एलईडीला करंट मोजून द्यायचा असतो, हे आधी पटवून घ्या

जुना पिवळा बल्ब साधा होता. सहा व्होल्टचा बल्ब सहा व्होल्टला लावला की काम झालं. त्याची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि करंट आपोआप आवरला जातो. एलईडीचं वागणं याच्या उलट आहे. पांढरा एलईडी अडीच व्होल्टच्या आसपास मिणमिणायला लागतो, तीन व्होल्टला चांगला पेटतो आणि त्याच्या पुढं व्होल्टेज जरासं वाढलं तरी करंट उडी मारतो. त्यात भर म्हणजे एलईडी तापला की त्याला लागणारं व्होल्टेज कमी होतं, एका अंशाला साधारण दोन ते चार मिलिव्होल्ट. बॅटरी मात्र तेवढंच व्होल्टेज देत राहते. मग करंट वाढतो, त्यानं एलईडी आणखी तापतो आणि करंट पुन्हा वाढतो.

हे एकदा डोळ्यांनी बघा. व्होल्टेज पक्कं ठेवणाऱ्या पॉवर सप्लायवर तीन वॅटचा एलईडी छोट्याशा पत्र्यावर बसवून मी लावला होता. सुरुवातीला मीटरवर ७०० मिलिअँपिअर दिसत होते. व्होल्टेजच्या बटणाला हातही लावला नव्हता, तरी आकडा ७४०, ७९०, ८५० असा चढत गेला. पत्र्याला बोट लावलं तर चटका बसला. दोन मिनिटांत आकडा ९५० च्या पुढं गेला तेव्हा मी तार ओढून काढली. माळ्यावर त्या रात्री हेच घडलं होतं. घरी बॅटरी अर्धी उतरलेली होती आणि मिनिटभरात चिप तापायलाही वेळ मिळाला नव्हता. शेतात बॅटरी ताजी चार्ज केलेली होती आणि दिवा तासन्‌तास चालू होता.

करंट ठरावीक ठेवणारा जो तुकडा बॅटरी आणि एलईडी यांच्यामध्ये बसतो, तो ड्रायव्हर. सगळी जुळवाजुळव त्याच्यासाठी असते.

२. हातातल्या एलईडीचे दोन आकडे वहीत लिहा

पहिला आकडा त्याला किती करंट द्यायचा, दुसरा त्या करंटला तो किती व्होल्ट घेतो. वॅटचा आकडा दुकानात सांगायला ठीक आहे, हिशेबाला तो चालत नाही. बाजारात "तीन वॅट" म्हणून मिळणारा एलईडी ७०० मिलिअँपिअरला चालवला तर प्रत्यक्षात सव्वादोन ते अडीच वॅटच घेतो.

नेहमी हाताशी येणारे प्रकार असे:

- एक वॅटचा, ताऱ्याच्या आकाराच्या अॅल्युमिनियम पट्टीवर बसवलेला: ३५० मिलिअँपिअर, ३ ते ३.२ व्होल्ट.
- तीन वॅटचा, दिसायला तसाच: ७०० मिलिअँपिअर, ३.२ ते ३.६ व्होल्ट.
- क्री कंपनीचा एक्सएम-एल आणि त्या घडणीचे: जास्तीत जास्त ३ अँपिअर. ७०० मिलिअँपिअरला २.९ व्होल्ट, ३ अँपिअरला ३.३५ च्या आसपास.
- दहा वॅटची पिवळी चौकोनी चिप: आत तीन-तीन एलईडींच्या तीन ओळी असतात, म्हणून ९ ते ११ व्होल्ट आणि ९०० मिलिअँपिअर.

नावाजलेल्या कंपनीचा एलईडी घेतला तर त्याची डेटाशीट, म्हणजे कंपनीनं दिलेली तांत्रिक माहिती, मिळते. तिच्यातलं करंट विरुद्ध व्होल्टेजचं एक पान छापून घ्या, बाकीची पानं सध्या वाचली नाहीत तरी चालेल. बिनानावाच्या एलईडीची डेटाशीट मिळत नाही. त्याला सांगितलेल्या करंटच्या सत्तर टक्क्यांवर चालवा. डोळ्याला फरक फारसा जाणवत नाही, कारण करंट निम्मा केला तरी उजेड निम्मा वाटत नाही. शिवाय कमी करंटला एलईडी दर वॅटमागं जास्त उजेड देतो आणि गारही राहतो. माझ्या घरातला एकही दिवा मी पूर्ण करंटवर चालवत नाही.

३. बॅटरीचेही दोन आकडे लिहा: भरलेली असतानाचा आणि संपतानाचा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. बॅटरीवर एकच व्होल्टेज छापलेलं असतं आणि आपण तेच धरून चालतो. मोजायला मात्र वरचं आणि खालचं टोक लागतं.

- लिथियम-आयन १८६५० सेल (जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५): छापील ३.६ किंवा ३.७, भरल्यावर ४.२, थांबायचं ३.० वर.
- लिथियम आयर्न फॉस्फेट: छापील ३.२, चार्ज होताना ३.६५, थांबायचं २.५ वर. मधला बहुतेक वेळ ३.२ ते ३.३ ला स्थिर.
- निकेल मेटल हायड्राइड पेन्सिल सेल: छापील १.२, चार्जरवरून काढल्यावर १.४, संपताना १.०.
- बारा व्होल्टची लेड अॅसिड: पूर्ण भरून निवांत ठेवल्यावर १२.७ च्या आसपास, चार्जर किंवा सोलर लागलेला असताना १४.४ पर्यंत, अगदी तळाला १०.५. पण ११.५ च्या खाली नेऊ नका, बॅटरीचं आयुष्य घटतं.

नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवर पॉवर एलईडी लावायचा विचार सोडून द्या. त्यात पाचशे मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच वीज असते आणि आतला रोध जास्त असल्यानं अर्ध्या अँपिअरलाच तो मान टाकतो.

१८६५० घेताना जपा. मी एकदा ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले दोन सेल घेतले. हातात घेतले तेव्हाच हलके वाटले, पण दुर्लक्ष केलं. घरी मोजले तर एक सेल बाराशेलाही पोचला नाही. या आकाराच्या खऱ्या सेलची मजल साधारण ३५०० पर्यंत असते, त्याच्या वरचा आकडा दिसला की तो खोटा समजा. वजन ही सोपी परीक्षा आहे: चांगला सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. सोनाराचा काटा नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही पुरतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल स्वस्त पडतात, पण कोणता सेल किती दमलाय हे बाहेरून कळत नाही. नवशिक्यानं तिकडं जाऊच नये.

४. दोन्हींचे आकडे शेजारी मांडा आणि ड्रायव्हर ठरवा

वहीत एक उभी रेघ काढा. तिच्यावर बॅटरीची दोन टोकं खुणा करून घ्या आणि एलईडीचं व्होल्टेज कुठं पडतं ते बघा. तीनच शक्यता निघतात.

*एलईडी बॅटरीच्या दोन्ही टोकांच्या खाली असेल* तर व्होल्टेज उतरवणारा ड्रायव्हर लागतो, त्याला बक म्हणतात. नवशिक्यानं होता होईल तो हाच प्रकार निवडावा. पीटी४११५ या आयसीवरची (चिपवरची) छोटी गोल पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, स्वस्त आणि दणकट असते. ती ६ ते ३० व्होल्टवर चालते आणि करंट एका रोधकावर (रेझिस्टरवर) ठरतो: ०.१ ला रोधकाच्या ओहमनं भागायचं. पाटीवर ०.३ ओहम असेल तर ३३३ मिलिअँपिअर, ०.१५ असेल तर ६६७. दुकानदार "तीनशेची" म्हणो की "सातशेची", तो रोधक वाचून तुम्ही स्वतः खात्री करून घेऊ शकता. एक लक्षात असू द्या: यातल्या बऱ्याच पाट्यांवर सुरुवातीलाच चार डायोडचा ब्रिज असतो, तो एक व्होल्ट किंवा जास्तही खातो. बॅटरी आणि एलईडी यांच्यात निदान दोन व्होल्टचं अंतर ठेवा.

*एलईडी दोन्ही टोकांच्या वर असेल*, उदाहरणार्थ एका १८६५० वर सीरिजमध्ये (एकापुढं एक जोडलेले) दोन एलईडी, तर चढवणारा बूस्ट लागतो. बूस्टमध्ये दोन खड्डे आहेत. बाजारातल्या बहुतेक स्वस्त बूस्ट पाट्या, उदाहरणार्थ एमटी३६०८ च्या, फक्त व्होल्टेज पक्कं ठेवतात. करंट आवरत नाहीत, म्हणजे पहिल्या कलमातलं संकट जसंच्या तसं. "कॉन्स्टंट करंट" असं स्पष्ट लिहिलेलीच पाटी घ्या. दुसरं, बॅटरीचं व्होल्टेज एलईडीपेक्षा वर गेलं तर बूस्ट काहीच अडवू शकत नाही. करंट कॉइल आणि डायोडमधून थेट एलईडीत घुसतो आणि आयसी नुसता बघत राहतो. दोन सेल सीरिजमध्ये, म्हणजे ८.४ व्होल्ट, आणि पुढं सहा व्होल्टची एलईडीची जोडी अशी जोडणी बूस्टवर कधीच करू नका.

*एलईडीचं व्होल्टेज बॅटरीच्या दोन टोकांच्या मध्ये पडत असेल* तर अडचण. तीन लिथियम सेल सीरिजमध्ये (१२.६ ते ९) आणि दहा वॅटची चिप (९ ते ११) हे त्याचं नेहमीचं उदाहरण. यासाठी बक-बूस्ट ड्रायव्हर असतात, पण महाग पडतात आणि लवकर मिळत नाहीत. मी बॅटरीच बदलतो. तीनऐवजी चार सेल घेतले की १६.८ ते १२ होतात आणि साधा बक चालतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल घेतले तर व्होल्टेज बहुतेक वेळ तेराच्या आसपास राहतं, तेही छान जमतं.

या मधल्या गटात एक सुखाचा अपवाद आहे: एक लिथियम सेल आणि एक एलईडी. ४.२ ते ३.० आणि एलईडी ३.१. इथं एएमसी७१३५ हा तीन पायांचा आयसी वापरा. एक आयसी ३५० मिलिअँपिअर देतो, चार पॅरललमध्ये (शेजारी-शेजारी) लावले की १४००. त्याला स्वतःला ०.१२ व्होल्टच लागतं. सेल उतरत आला की दिवा फटकन जात नाही, हळूहळू मंदावतो आणि घरी परतायला वेळ देतो. डोक्यावरच्या दिव्याला मी दुसरं काही वापरत नाही.

बिनड्रायव्हरचा, नुसत्या रोधकाचा मार्गही आहे. तो कुठं कोसळतो ते आकड्यांत बघा. तीन एक वॅटचे एलईडी सीरिजमध्ये, ९.६ व्होल्ट. बॅटरी १२.६. हवे ३०० मिलिअँपिअर, म्हणजे दहा ओहम. हिशेब बरोबर. पण सोलर लागला, बॅटरी १४.४ ला गेली की तोच रोधक ४८० मिलिअँपिअर सोडतो आणि स्वतः सव्वादोन वॅट तापतो. एक वॅटचा रोधक बसवला असेल तर तो करपून काळा पडेल. बॅटरी ११.४ ला आली की उरतात १८०. जिथं दिवा आणि सोलर एकाच वेळी चालू असण्याची शक्यता आहे तिथं रोधकाच्या भरवशावर राहू नका.

एलएम३१७ सगळ्यांच्या डब्यात असतो, म्हणून विचारलं जातं. त्यावर करंट ठरवता येतो: १.२५ ला ओहमनं भागा. पण त्याला स्वतःला तीन व्होल्टच्या आसपास मोकळी जागा लागते. बारा व्होल्टवर तीन एलईडींना तो पुरत नाही, आणि दोन लावले तर उरलेलं सगळं व्होल्टेज उष्णतेत जातं.

आणि एलईडी एकापेक्षा जास्त असतील तर सीरिजमध्येच जोडा. पॅरललमध्ये जोडले तर ज्याचं व्होल्टेज किंचित कमी तो जास्त करंट ओढतो, आधी तापतो आणि आधी जातो. मग त्याचा वाटा उरलेल्यांवर येतो.

५. सामानाची यादी

- एलईडी, शक्यतो एक जास्तीचा
- आकडे जुळवून निवडलेला ड्रायव्हर, तोही दोन
- बॅटरी, तिला साजेसा चार्जर, लिथियम असेल तर संरक्षक पाटी म्हणजे बीएमएस
- फ्यूज आणि त्याचं घर
- डीसी करंटसाठी १० अँपिअरचं भोक असलेला मल्टिमीटर
- निदान ६० वॅटची सोल्डरिंग आयर्न
- अॅल्युमिनियमची हीटसिंक (एलईडीची उष्णता ओढून हवेत सोडणारा तुकडा), थर्मल पेस्ट, स्क्रू
- एलईडीच्या डेटाशीटचं छापील पान, खरेदीच्या पावत्या आणि वही

मल्टिमीटर, सोल्डर, वायर, फ्यूज बेळगावात मिळतं. ड्रायव्हरचे खास तुकडे नाही मिळाले तर ऑनलाइन मागवा, किंवा कुणी जाणार असेल तर पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा बेंगळुरूचा एस. पी. रोड. आपण तिन्ही शहरांच्या बसच्या वाटेवर आहोत, कुणी ना कुणी जातच असतं. फक्त चिठ्ठीवर आयसीचा पूर्ण नंबर लिहून द्या. "एलईडीचा ड्रायव्हर" एवढंच सांगितलं तर घरच्या बल्बातला २३० व्होल्टवर चालणारा तुकडा हातात पडतो. तो बॅटरीला चालत नाही, आणि त्याच्या उघड्या तारांना हात लागला तर जिवावर बेतू शकतं.

६. हीटसिंक आधी, वीज नंतर

पॉवर एलईडीत गेलेल्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग उष्णता होतो, आणि ती उष्णता उजेडाबरोबर पुढं जात नाही, पाठीमागून अॅल्युमिनियममधून बाहेर काढावी लागते. म्हणून ताऱ्याच्या पट्टीवरचा एलईडी मोकळा धरून एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त पेटवू नका.

किती मोठी हीटसिंक? वारं नसेल तर दर वॅटला निदान ३० ते ५० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग धरा, दोन्ही बाजू आणि पंख सगळे मोजून. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडं अॅल्युमिनियम चॅनेलचे उरलेले तुकडे पडलेले असतात, विचारलं तर वजनावर देतात. तीन मिलिमीटर जाडीचा चॅनेल या कामाला उत्तम. पेस्ट दाण्याएवढी पुरते. ती फक्त दोन धातूंमधल्या बारीक खाचा भरायला असते, लोण्यासारखी थापली तर उलट उष्णता अडते.

तारा हीटसिंकवर बसवायच्या *आधी* सोल्डर करा. पत्र्यावर बसवल्यावर पत्रा सगळी उष्णता ओढून घेतो आणि सोल्डर वितळतच नाही. आणखी एक: काही एलईडींची पाठ आतून एका टोकाला जोडलेली असते. मीटर कंटिन्युइटीवर लावून पाठ आणि दोन्ही टोकं तपासा. बीप आला तर मध्ये उष्णता जाऊ देणारं इन्सुलेटर पॅड घाला, नाहीतर दोन एलईडी एकाच चॅनेलवर बसवले की शॉर्ट होईल.

परीक्षा सोपी आहे. दिवा वीस मिनिटं चालवा आणि एलईडीच्या अगदी शेजारी हीटसिंकवर बोट टेकवा. पाच सेकंद धरवलं तर ठीक. नाही धरवलं तर करंट कमी करा किंवा धातू वाढवा.

७. जोडणीचा क्रम

आधी बॅटरी बाजूला. एलईडी ड्रायव्हरला जोडा, प्लस-मायनस मीटरच्या डायोड खुणेवर बघून घ्या; एक वॅटचा एलईडी त्यावर सरळ लावला की मंद मिणमिणतो. मग बॅटरी जोडा. हा क्रम उलटा करू नका. ड्रायव्हर आधी चालू केला आणि पुढं एलईडी नसेल, तर तो करंट जावा म्हणून व्होल्टेज चढवत बसतो आणि बाहेरचा कपॅसिटर त्या व्होल्टेजला भरतो. त्यावर एलईडी टेकवला की सगळा साठा एका क्षणात त्यात रिकामा होतो. एक बारीकसा लखकन प्रकाश आणि संपलं. याच कारणानं एलईडीकडच्या तारेत स्विच बसवायचा नाही, स्विच बॅटरीकडं.

करंट आणि व्होल्टेज दोन्ही लावता येणारी, दोन स्क्रूंची बक पाटी (एक्सएल४०१५ वगैरे) असेल तर तिचे आकडे मात्र एलईडी जोडायच्या आधी लावून घ्यावे लागतात. व्होल्टेजचा स्क्रू एलईडीपेक्षा एखादा व्होल्ट वर ठेवा. करंटचा स्क्रू पूर्ण कमी करा. मीटर दहा अँपिअरच्या भोकात लावून पाटीच्या दोन बाहेरच्या टोकांना जोडा आणि स्क्रू हळूहळू फिरवत हवा तो करंट आणा. ही पद्धत करंट आवरणाऱ्या पाटीवरच चालते, बॅटरीवर किंवा साध्या पाटीवर केली तर मीटर जाईल. बॅटरी काढून मगच एलईडी जोडा.

मोजून झालं की मीटरची लाल तार लगेच व्होल्टच्या भोकात परत लावा. ती करंटच्या भोकात राहिली आणि नंतर कुणी बॅटरीचं व्होल्टेज बघायला टोकं टेकवली, तर तो सरळ शॉर्ट असतो. माझ्या मीटरचा फ्यूज असाच गेला आणि टोकाचं पितळ वितळून सेलला चिकटलं.

८. रात्र पुरेल का, याचा हिशेब

मामांच्या माळ्यावर आता जो दिवा आहे त्याचेच आकडे देतो. तीन एक वॅटचे एलईडी सीरिजमध्ये, साधारण ९.३ व्होल्ट, पीटी४११५ ची ०.३ ओहमची पाटी, म्हणजे ३३३ मिलिअँपिअर. एलईडीत ३.१ वॅट. ड्रायव्हरचं नुकसान धरून बॅटरीतून ३.४ वॅट. बारानं भागलं की ०.२८ अँपिअर. दहा तासांची रात्र धरली तर २.८ अँपिअर-तास. बॅटरी सात अँपिअर-तासांची आहे, म्हणजे निम्म्याहून कमी रिकामी होते, आणि लेड अॅसिडला तेवढंच मानवतं. दहा वॅटची चिप याच बॅटरीवर लावली असती तर निम्मा साठा चारेक तासांत संपला असता.

एएमसी७१३५ च्या दिव्याचा हिशेब तोंडी होतो, कारण एलईडीतून जातो तेवढाच करंट सेलमधून जातो. २५०० चा सेल, ३५० मिलिअँपिअर: सात तास.

९. बॅटरीची राखण

बक आणि बूस्ट ड्रायव्हर एलईडीला ठरलेला करंट देतच राहतात. बॅटरी उतरली, व्होल्टेज कमी झालं, की ते बॅटरीकडून उलट *जास्त* करंट ओढतात. उजेडात काही फरक दिसत नाही आणि बॅटरी खोल तळाला जाते. त्यामुळे लिथियमला संरक्षक पाटी आणि लेड अॅसिडला ठरावीक व्होल्टेजला तोडणारा कटऑफ लावल्याशिवाय दिवा दुसऱ्याच्या हातात देऊ नका. २.५ व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिलेला लिथियम-आयन सेल पुन्हा चार्जरला लावायचा नाही. तो कचऱ्याच्या डब्यातही टाकायचा नाही, ई-कचरा घेणाऱ्याला द्यायचा.

टीपी४०५६ ची चार्जिंग पाटी ४.२ व्होल्टची आहे. ती लिथियम आयर्न फॉस्फेटला लावू नका, त्याला ३.६५ चाच चार्जर. सीरिजमधले सेल एकाच वेळी घेतलेले, एकाच जातीचे असावेत आणि बीएमएस बॅलन्स करणारा असावा. फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाला अगदी लागून बसवा. मध्येच कुठंतरी बसवला तर त्याच्या अलीकडच्या तारेला संरक्षण राहत नाही. माळा गवताचा आणि लाकडाचा असतो, तिथं तापलेली तार म्हणजे आगच.

१०. आपल्या पावसासाठी

कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. ड्रायव्हर आणि सांधे प्लॅस्टिकच्या बंद डब्यात ठेवा, तारा खालच्या बाजूनं आत घ्या आणि डब्याबाहेर तारेला एक लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी वळशावरून गळून जातं. हीटसिंक मात्र उघड्यावरच हवी, ती डब्यात कोंडली तर सगळी मेहनत वाया.

फटी बुजवायला सिलिकॉन घेताना ट्यूबचं तोंड उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते नको. सुकताना त्यातून सुटणारं आम्ल तांब्याला गंज चढवतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा. आणि कुठलंही सिलिकॉन किंवा गोंद वापरला तरी डबा दोन दिवस उघडा ठेवून पूर्ण सुकू द्या, कारण बंद काचेच्या आत त्याची वाफ कोंडली तर एलईडीचा पिवळा भाग तपकिरी पडत जातो आणि उजेड घटतो.

पहिल्या आठवड्यानंतर दिवा एकदा खाली उतरवा. स्क्रू आवळा, फ्यूजच्या घराला गंज आहे का बघा आणि करंट पुन्हा मोजून वहीत पहिल्या दिवशीच्या आकड्याशेजारी लिहा. मामांच्या दिव्याचा पहिल्या दिवशी ३३० होता, आठवड्यानं ३२८ निघाला.